पहिलं पाणी

लोकांना वाटतं, पाणी तपासायचं म्हणजे बाटली भरून आणायची आणि यंत्रात घालायची. निम्मं काम बाटलीतच असतं. २५० मिलीची काचेची बाटली, झाकणावर फॉइल, त्यावर दोरा, आणि आत सोडियम थायोसल्फेटचे चार थेंब. ते नसतील तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रस्ताभर जंतू मारत राहतं आणि लॅबमध्ये येईपर्यंत गटाराचं पाणीसुद्धा सोज्ज्वळ होऊन बसतं. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नमुना आणणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. मी त्यांना परत पाठवते, आणि ते साहेबांकडे माझी तक्रार करतात.

नळाचंही तसंच. तोंडाची जाळी काढायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, नळ धातूचा असेल तर ज्योत फिरवायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मगच बाटली धरायची. बाटली बर्फाच्या पेटीत, आणि पेटी शक्यतो सहा तासांच्या आत लॅबमध्ये. बडोद्याच्या एका खाजगी लॅबमध्ये अठरा वर्षं मी हेच करते आहे. एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या त्या वस्तीतही मी हे सगळं बरोबर केलं. तेच डोक्यातून जात नाही.

वस्तीत दोन-तीन घरांत कावीळ होती, म्हणून बोलावणं आलं होतं. अशा वेळी नमुना कुठे घ्यायचा हे कागदावर आम्ही ठरवतो. प्रत्यक्षात जिथे चहा मिळतो तिथे घेतला जातो. त्या दिवशी तो वस्तीतल्या पुढारीभाईंच्या ओट्यावर मिळाला. स्टीलचा नळ, खाली धुतलेली फरशी. पाणी येऊन पंधरा मिनिटं झाली होती. क्लोरीन दाखवणारी डीपीडीची गोळी टाकल्याबरोबर नळी गुलाबी झाली, क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम. निदान ०.२ असावं लागतं. दोन दिवसांनी इनक्युबेटरमधल्या सगळ्या नळ्या जांभळ्याच्या जांभळ्या, एकीतही वायूचा बुडबुडा नाही. गटाराचे जंतू असते तर त्या पिवळ्या झाल्या असत्या. अहवाल गेला: पिण्यास योग्य. खाली माझी सही.

मे महिन्यात पुन्हा बोलावणं आलं तेव्हा कावीळ पंधरा-सोळा घरांत पोचली होती. या खेपेला मी चहा टाळला आणि उताराच्या टोकाला गेले. तिथे धुळ्याकडची एक म्हातारी राहते. मराठी ऐकून तिनं मला दारातच बसवलं. सून सरकारी दवाखान्यात, आठवा महिना, डोळे हळदीसारखे.

"तुम्हीच आल्या होत्या ना ताई मागं? तुम्ही चांगलं पाणी घेऊन गेल्या. आम्ही पितो ते नाही नेलं."

मला आधी राग आला. पाणी एकच, लाइन एकच, आणि नमुना नियमानं घेतलेला.

तिनं मला नळ दाखवला. दाब पुरत नाही म्हणून अंगणात गुडघाभर खड्डा खणून नळ त्यात खाली नेलेला. तिथे उकिडवं बसूनच हंडा लावावा लागतो. पाणी दिवसातून एकदा, पाऊण तास. "पहिली पाच मिनिटं माझी," ती म्हणाली. "मग वरच्यांच्या मोटरी लागतात."

वरचे लोक लाइनमधली हवा निघून जाईपर्यंत थांबतात, मोटर कोरडी फिरून जळू नये म्हणून, आणि मग बटण दाबतात. त्यामुळे म्हातारीच्या वाट्याला रोज लाइनमधलं सगळ्यात पहिलं पाणी येतं. चोवीसपैकी तेवीस तास रिकाम्या पडलेल्या, गटारातून गेलेल्या पाइपातलं.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधीच मी तिच्या खड्ड्यात उतरून बसले. आधी नळ फुसफुसला, मग खोकल्यासारखं दोनदा काहीतरी झालं आणि चहाच्या रंगाचं पाणी आलं. वास सांगायची गरज नाही. मी नळ पुसला, पण वाहू दिला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि ते पहिलं पाणी बाटलीत धरलं. क्लोरीनची नळी हलवून हलवून पाहिली. गुलाबी रंगाचा मागमूस नाही. म्हातारी शेजारी हंडा लावायची वाट बघत उभी होती. भरू नका म्हटलं तर ती हसली.

सहाव्या मिनिटाला वरच्या बाजूला घरघर सुरू झाली आणि धार तुटली. म्हातारी म्हणाली, "हात लावून बघा." मी तळवा नळाच्या तोंडावर धरला, तर नळानं तो आत ओढला. लहान बाळ बोट चोखतं तसा. पाइपाला कुठे भोक असेल तर हीच ओढ गटाराचं पाणी आत घेणार, हे पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. तळव्याला त्या दिवशी कळलं.

मग वर जाऊन पुढारीभाईंच्या नळाचा दुसरा नमुना घेतला, पूर्ण नियमानं. भिंतीवर माझा एप्रिलचा अहवाल लॅमिनेट करून लावलेला.

दोन दिवसांनी वरच्या बाटलीच्या नळ्या पुन्हा जांभळ्याच. खालच्या बाटलीच्या पंधराच्या पंधरा पिवळ्या, आणि प्रत्येकीतली उपडी छोटी नळी वायूनं वर उचललेली. तक्त्यात त्यापुढे आकडाच नाही. १०० मिलीत १६०० किंवा त्याहून जास्त कोलिफॉर्म, म्हणजे गटाराची खूण सांगणारे जीवाणू, असं लिहून थांबावं लागतं. पिण्याच्या पाण्यात हा आकडा शून्य हवा.

साहेब म्हणाले, "फ्लशिंग केलेलं नाही. नमुना ग्राह्य नाही." त्यांचं चूक नव्हतं. नळाच्या तोंडाशी साचलेल्या घाणीचा दोष लाइनवर येऊ नये म्हणून तो नियम आहे, आणि चोवीस तास भरलेल्या लाइनसाठी तो उत्तम आहे. दिवसाला पाऊण तास पाणी येणाऱ्या लाइनीत मात्र तो घाण बाजूला सारून स्वच्छ तेवढं उचलतो. मी शेऱ्यात तसं लिहिलं. छापील अहवालात शेऱ्याला एकच ओळ असते, आणि तीत "नमुना प्रवाहाआधी घेतला" एवढंच मावलं. वाचणाऱ्याला तो माझा निष्काळजीपणा वाटला असणार.

आमच्या आजोबांना बडोद्याच्या पाण्याचा कोण अभिमान. महाराजांनी आजव्याच्या तलावाचं पाणी आणलं, असं दांडिया बाजारात येईल त्या पाहुण्याला ते सांगत. त्यांचं खोटं नव्हतं. आजव्याचं, मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं पाणी आजही टाकीपर्यंत चांगलंच असतं, माझ्याच नळ्या सांगतात. पुढचे दीडशे फूट मात्र कोणाच्याच नकाशावर नसतात.

नंतर तिथे खणलं. घराघरांत जाणारा जुना लोखंडी पाइप सरळ गटारातून गेलेला, गंजून चाळण झालेला. एका जागी कोणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं आवळली होती. खणणारा मुलगा गटारात मांडीपर्यंत उभा, हातमोजे नाहीत, पायात स्लीपर. मधल्या सुट्टीत त्यानं हात विसळले तेही त्याच नळावर आणि पाणी प्यायला तेही तिथलंच. ठेकेदाराला म्हटलं तर तो म्हणाला, "बेन, आ लोकोने आदत छे."

सून वाचली. मूल राहिलं नाही. कावीळ ई जातीची होती. ती बहुतेकांना महिनाभर झोपवून सोडून देते, पण शेवटच्या तिमाहीतल्या बायकांत शंभरातल्या वीस-पंचवीस जणी जातात. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. माझा पहिला नमुना आणि तिचे डोळे पिवळे झाले तो दिवस यांत ३९ दिवस आहेत. हा हिशोब मी कितीतरी वेळा केला. कधी कधी स्वतःला सांगते की आमच्या नळ्यांत दिसतात ते जीवाणू, विषाणू नाही. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात गटार शिरलं तेव्हा क्लोरीन वाढवलं, टायफॉइड वाढला नाही, आणि तरी २९ हजारांवर लोकांना कावीळ झालीच. पण हे सांगून भागत नाही. खालच्या बाटलीत जीवाणूही होतेच. मी ती एप्रिलमध्ये भरली नव्हती.

पावसाळ्यात पुन्हा जाऊन आले. पाइप बदललाय, गटाराच्या वरून काळा प्लास्टिकचा टाकलाय. मोटरी तशाच आहेत. म्हातारीच्या खड्ड्यातलं पहिलं पाणी फिकट गुलाबी झालं, ०.२ च्या आसपास. सून माहेरी होती.

परतताना पुढारीभाईंना म्हटलं, तो एप्रिलचा कागद आता काढा. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, जणू पहिल्यांदाच वाचत होते.

"केम, बेन? सही तो तमारी ज छे ने?"

कागद अजून तिथेच आहे.