यामागुचीत एक दिवस: आकियोशिदो गुहा, वरचं पठार आणि समुद्रावरच्या १२३ तोरी

जपानच्या यामागुची प्रांतातल्या आकियोशिदोला गेलात तर नुसती गुहा बघून परत फिरू नका, वरचं पठार बघितल्याशिवाय ती गुहा अर्धीच कळते, हे मी तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते.

आम्ही सध्या फुकुओकाला राहतो. तिथून शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) शिन-यामागुची आणि पुढे भाड्याची गाडी (जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे नवऱ्याला काही जड गेलं नाही). गुहेपर्यंत बस आहे, पण आम्हाला दुपारनंतर समुद्रकाठच्या देवळातही जायचं होतं आणि तिथे गाडीशिवाय पोचणं अवघड.

गुहेच्या तोंडाशीच पाण्याचा आवाज यायला लागतो. डोंगरात वीस मीटरहून उंच फट आणि तिच्यातून निळीहिरवी नदी बाहेर पडतेय! ऑगस्टचा उकाडा मी म्हणत होता आणि आत वर्षभर १७ अंश, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या इतकं बरं वाटलं की काय सांगू. गुहा दहा किलोमीटरहून लांब आहे, त्यातला साधारण एक किलोमीटर लोकांसाठी खुला, सगळीकडे नीट बांधलेली वाट आणि दिवे.

मला सगळ्यात आवडलं ते ह्याकुमाईझारा, म्हणजे शंभर ताटल्या, पण प्रत्यक्षात पाचशेच्या वर आहेत. कोकणात डोंगरउतारावर भातखाचरं असतात ना, अगदी तशी एकाखाली एक पाण्याने भरलेली छोटी छोटी कुंडं. कठड्यावरून वाकून एका ताटलीकडे मी कितीतरी वेळ बघत बसले, पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा काठावरून खाली ओघळत होता आणि तो काठ त्या पाण्यानेच बांधलेला. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खाली झिरपताना चुनखडी विरघळवत आणतं, मग गुहेत आलं की तो वायू उडून जातो आणि चुना परत दगड होऊन बसतो. काठावरून ओघळताना वायू जास्त निघतो म्हणून काठच वाढत जातो. पुढे १५ मीटर उंचीचा 'सोनेरी खांब' आहे, तोही असाच भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याने घडवलेला. आपली वेरूळ-अजिंठ्याची लेणी माणसांनी छिन्नीने खोदलीत, आपला काळा बेसाल्ट असा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्या दगडात असलं काही बघायला मिळत नाही.

गुहेच्या आतूनच लिफ्ट आहे. वर आलात की थोडं चालून आकियोशिदाईचं पठार, जपानमधलं सगळ्यात मोठं कार्स्ट (म्हणजे चुनखडी पाण्यात विरघळून घडलेलं) पठार, लांबवर हिरवं गवत आणि त्यातून डोकं वर काढलेले हजारो पांढरे-राखाडी दगड. आणि एवढ्या मोठ्या पठारावर ओढा म्हणून नाही! पडलेला पाऊस विलय विवरांतून, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या खळग्यांतून थेट खाली जातो, जी नदी आपण गुहेच्या तोंडाशी बघितली ती ह्याच पाण्याची. हे वर उभं राहून लक्षात आलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. हा सगळा दगड म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी भर समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीवर वाढलेली पोवळ्यांची बेटं, भूपट्टाबरोबर सरकत सरकत इथवर आलेली. काही खळग्यांच्या तळाशी लाल माती साचते आणि तिथे लोक गोबो नावाचं लांब मूळ पिकवत आलेत. गवत टिकावं म्हणून दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमाराला हवा बघून पठाराचा गवताळ भाग पेटवतात, नाहीतर तिथे जंगल माजेल.

जेवण म्हणाल तर गाडीत बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, उमेबोशीची (आत खारवलेलं आंबट फळ घातलेली) ओनिगिरी कुठल्याही दुकानात मिळते.

मग तासाभराच्या रस्त्याने नागातोचं मोतोनोसुमी देऊळ. फार जुनं नाही, १९५५ सालचं. एका कोळ्याच्या उशाशी पांढरा कोल्हा येऊन देऊळ बांध म्हणाला अशी कथा सांगतात. समुद्राच्या बाजूने कड्यावर १२३ लाल तोरी, म्हणजे जपानी देवळांच्या कमानी, ओळीने उभ्या आहेत, १९८७ पासून दहा वर्षांत भाविकांनी एकेक करून दिलेल्या. आम्ही आधी खालपर्यंत उतरलो आणि मग त्यांच्यातून वर चढत आलो, घाम निथळत होता पण मागे वळलं की लाल कमानी आणि निळा समुद्र, थकवा पळून जातो. दानपेटी मोठ्या तोरीच्या माथ्यावर, जमिनीपासून पाचेक मीटर उंच! नाणं खालून वर फेकायचं, आत पडलं तर इच्छा पूर्ण. तिथे शेजारची अनोळखी माणसंही एकमेकांच्या नाण्यासाठी श्वास रोखून उभी असतात, आणि नवऱ्याचं नाणं आत गेल्यावर एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

खाली खडकात एक भोक आहे, लाटा जोरात आल्या की तिथून पाण्याचं कारंजं उडतं, पण त्याला उत्तरेचा वारा लागतो आणि ऑगस्टमधला समुद्र एकदम शांत. त्यासाठी हिवाळ्यातच जायला हवं, आणि तेव्हाच पठारावरची आगही बघायला मिळाली तर फारच छान, नवऱ्याला आत्तापासून फेब्रुवारीची सुट्टी टाकायला सांगितलीय.