मिसळ, म्हणजे तू मिसळ

नाशकात रविवारी सकाळी मिसळ मागवली की जे समोर येतं, ते मुळीच मिसळलेलं नसतं. ताटलीत मोडाची मटकी, वर शेव, बाजूला कांदा आणि लिंबाची फोड, वाटीत दही, पाव, उडदाचा पापड आणि रस्सा वेगळ्या भांड्यात. कुठे काळ्या मसाल्याचा, कुठे लाल तर्रीचा. सगळं सुटंसुटं ठेवायचं आणि नाव मात्र मिसळ! यावर माझा एक लाडका सिद्धांत आहे. व्याकरणवाले मानणार नाहीत, पण मला तर हे नाम वाटतच नाही, आज्ञार्थ वाटतो. गल्ल्यावरचा माणूस एरवी आपल्याला 'या साहेब, बसा साहेब' करतो आणि ताटलीतून एकेरीत हुकूम सोडतो, "मिसळ!" आपणही निमूटपणे पाव मोडायला घेतो.

खरी व्युत्पत्ती इतकी चमचमीत नाही. संस्कृतातलं 'मिश्र' प्राकृतात झिजून 'मिस्स' झालं आणि मराठीत त्याला आपला हक्काचा ळ चिकटला. उत्तरेकडची बेसन-कणकेची मिस्सी रोटी याच घराण्यातली. गंमत म्हणजे लॅटिनमधलं 'मिस्केरे' आणि त्यातून आलेला इंग्रजी 'मिक्स' हेही मिश्रचे दूरचे भाऊबंद. तेव्हा शेजारच्या टेबलावरची पोरं "रस्सा मिक्स कर ना" म्हणाली तर मराठी बुडाल्याची हाकाटी करू नये. भावकीतलाच शब्द आहे, फार तर परदेशी स्थायिक झालेला.

घरात याच धातूचा आणखी एक नमुना असतो, मिसळणाचा डबा. मोहरी, जिरं, हळद, तिखट, प्रत्येकाची वाटी वेगळी. हळदीचा चमचा चुकून मोहरीत गेला तर आई अजूनही त्या हाताकडे अशी बघते की पुन्हा हिंमत होऊ नये. म्हणजे ज्याचं नाव मिसळण, त्यातच मिसळलेलं चालत नाही!

याउलट काला. पोहे, लाह्या, दही, लोणचं, जे ज्याच्या शिदोरीत असेल ते एकत्र कालवायचं. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन झालं की हातावर जो घास पडतो, त्यातले पोहे कुणाच्या घरचे हे विचारायचं नसतं. न विचारणं हाच तर काला.

मेतकुटाचं प्रकरण मात्र अन्यायाचं आहे. हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू एवढी मंडळी भाजून दळून घेतात, त्यात मेथी पडते ती चिमूटभर, आणि नावावर मालकी तिची. बाकीच्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. म्हणूनच बहुधा दोघांचं छान जुळलं की आपण 'मेतकूट जमलं' म्हणतो. त्या दोघांत मेथी कोण, हे बाहेरच्याला लगेच कळतं.

तांबट आळीतली पितळेची भांडी बघा. तांबं आणि जस्त एकत्र आलं आणि नाव दोघांचंही राहिलं नाही. मला हा सौदा मेतकुटापेक्षा सरळ वाटतो. नद्यांचा मामला पुन्हा मेथीसारखा. तपोवनात कपिला गोदावरीला मिळते, आपण त्याला मोठ्या आदराने संगम म्हणतो, म्हणजे बरोबरीने एकत्र जाणं. पुढे पैठण, नांदेडपर्यंत नाव विचारा, फक्त गोदावरी. नाशिककर तर तिलाही गोदावरी म्हणत नाहीत, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात.

आणि भेसळ. ताकात पाणी घातलं तर ते ताकच, कारण ते सगळ्यांसमोर घातलेलं असतं. दुधात घातलं आणि नाव नुसतं दुधाचं ठेवलं की भेसळ. फरक मिसळण्यात नाहीच, तो न सांगण्यात आहे. 1954 चा कायदा नावातच रोखठोक होता, अन्न भेसळ प्रतिबंधक. 2006 साली नवा आला तो 'अन्न सुरक्षा आणि मानके' असं इस्त्रीचं नाव घालून. वर्तमानपत्रं मात्र सणासुदीच्या खव्याची बातमी देताना अजून 'भेसळ'च छापतात, आणि ते योग्यच करतात. 'मानकांचं उल्लंघन' वाचून कोणी हातातला पेढा खाली ठेवत नाही.