मेंदूच्या दुखापतीनंतर टीडीसीएस: आधी स्पंज बघा

डोक्याला जबर मार बसल्यावर लक्ष टिकत नाही, कामापुरतं लक्षात राहत नाही. त्यासाठी टीडीसीएस, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड ठेवून मेंदूला सौम्य करंट देण्याचा उपचार, देताना ॲनोड (धन इलेक्ट्रोड) सहसा डावीकडे, डोक्याच्या पुढच्या भागात एफ३ या जागी बसवतात. कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) उजव्या भुवईच्या वर. जागा अंदाजपंचे ठरवू नका, टेपने मोजा. करंट २ मिलिअँपिअर, वेळ २० मिनिटं. ३० सेकंदांत हळूहळू चढवायचा, शेवटी तसाच उतरवायचा. पुरावे अजून संमिश्र आहेत, हे घरच्यांना आधीच सांगावं.

खरा घोळ होतो इलेक्ट्रोडच्या ५ बाय ७ सेंटिमीटरच्या स्पंजात. तो भिजवायचं सलाइन (मिठाचं पाणी) कमी पडलं की इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, करंट एखाद्या कोपऱ्यात एकवटतो आणि कातडी भाजू शकते. जास्त झालं की ते केसांतून ओघळतं आणि करंट नको तिथे पसरतो. स्पंज ओला हवा, गळका नको. आणि तेल चोपडलेलं डोकं आधी धुऊन घ्या. आपल्याकडे हे सांगावंच लागतं.

ऑपरेशनमध्ये कवटीचं हाड काढलेलं असेल, तर करंटची वाटच बदलते. नेहमीची मांडणी तिथे चालत नाही. फिट येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरू करू नका. करंट चालू असताना रुग्णाला नुसतं बसवून ठेवू नका, त्याच २० मिनिटांत लक्षाचे आणि स्मरणाचे व्यायाम करून घ्या.