तुम्ही विचारलंत म्हणून: सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?

काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट, पाचास पाच असे खेळायचे हे दोन बंदुकांचे कॉम्प्युटर गेम. त्यांबद्दलचे प्रश्न नेहमी याच क्रमाने येतात. आधी सेन्सिटिव्हिटी (माउस हलवला की खेळातली नजर किती फिरते ती) किती, मग क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेमाची खूण) कुठला, मग माउस कुठला, आणि सगळ्यात शेवटी, जरा अवघडून, खरा प्रश्न: "रँक हलतच नाही, काय करू?" काउंटर-स्ट्राइकवाले विचारतात, व्हॅलोरंटवाले विचारतात. मी उत्तर देते आणि समोरच्याला वाटतं, ही काहीतरी राखून ठेवतेय. तसं काही नाही. एकदाच सगळं सांगून टाकते.

आकडा हवाच असेल तर घ्या. माउस ८०० डीपीआयवर (ही माउसची स्वतःची संवेदनशीलता) ठेवा, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेन्सिटिव्हिटी १ च्या आसपास, व्हॅलोरंटमध्ये ०.३ च्या जवळपास. दोन्हीकडे हाताची चाल जवळजवळ सारखीच पडते: पूर्ण गोल फिरायला माउस साधारण अर्धा मीटर सरकवावा लागतो. पहिले काही दिवस हे फार संथ वाटेल. वाटू द्या. रोज एक मॅच हरलात की रोज नवा आकडा, हे बंद करा. हाताला सवय लागायच्या आधीच तुम्ही ती मोडत असता.

क्रॉसहेअरचा रंग कुठलाही चालेल. तो कुठे असतो, याला महत्त्व आहे. चालताना बहुतेकांचा क्रॉसहेअर जमिनीवर असतो, शत्रू दिसला की तो घाईघाईने वर ओढतात. तो सतत डोक्याच्या उंचीवर आणि पुढच्या कोपऱ्याच्या कडेपासून किंचित बाहेर ठेवा. एके-४७ ची एक गोळी डोक्यात बसली की हेल्मेट असलं तरी माणूस आडवा. व्हॅलोरंटच्या व्हँडल रायफलचंही तसंच, कितीही लांबून. मग वर ओढायची वेळच का येऊ द्यायची? आणि गोळी झाडताना थांबा. काउंटर-स्ट्राइकमध्ये डी दाबून उजवीकडे जात असाल तर डी सोडून ए ला क्षणभर टिचकी मारायची. पाय तिथल्या तिथे थांबतात आणि पहिली गोळी सरळ जाते. धावता धावता झाडलेल्या गोळ्या भरकटतात आणि लोक दोष नेमाला देतात.

एवढ्यावर काही रँक नक्की चढतील. पूर्वी मी इथेच थांबायचे. रोज अर्धा तास नेमाचा सराव करा, बाकी आपोआप येईल, असं मी कितीतरी जणांना सांगितलंय. त्या वेळच्या माझ्याशी आज माझं पटत नाही. बाकी आपोआप येत नाही. उत्तम नेम असलेली माणसं वर्षानुवर्षं एकाच रँकवर अडकलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण टीममेट्सच्या नावाने बोटं मोडत असतो.

त्यांना मी विचारते ते असं: तुम्हाला ज्याने मारलं, तो त्या क्षणी तुमच्या एखाद्या साथीदाराला दिसत होता का? बस. यालाच ट्रेड म्हणतात. तुम्ही पडलात आणि पुढच्याच क्षणी साथीदाराने त्याला पाडलं, तर पाचास पाचचे चारास चार झाले, फारसं बिघडलं नाही. पण तुम्ही एकटेच पडलात तर चारास पाच. तिथून राउंड जिंकायला कोणाला तरी पराक्रम करावा लागतो, आणि पराक्रमाच्या भरवशावर रँक चढत नाही.

इथे मला एक जुना प्रसंग सांगावाच लागेल, कारण हे उत्तर मी तिथूनच आणलंय आणि ते मला अजून पुरतं पटलेलं नाही.

आमची पाच जणांची टीम होती. कॉल मी करायचे, म्हणजे डाव मी ठरवायचे. एका छोट्या ऑनलाइन स्पर्धेत आम्ही पुढे पुढे सरकत गेलो आणि एका मॅचमध्ये काउंटर-स्ट्राइकच्या इन्फर्नो या मॅपवर ११-१२ ने मागे होतो. शेवटचा राउंड. जिंकलो तर ओव्हरटाइम, हरलो तर घरी. हल्ला आमचा होता, म्हणजे बॉम्ब आम्हाला लावायचा होता. मी बी साइटचा, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोनपैकी एका जागेचा, कॉल दिला. दोघांनी मिडकडे, म्हणजे मॅपच्या मधल्या भागात, थांबून समोरच्या टीमचं लक्ष अडकवायचं, तिघांनी बनानातून, म्हणजे बी साइटकडे जाणाऱ्या वाटेने, वर जायचं. आमच्यातला सगळ्यात पक्क्या नेमाचा खेळाडू पुढे, त्याच्या मागे दुसरा, तिसरी मी. दोन स्मोक (धुराचे ग्रेनेड) पडले पाहिजेत, एक साइटवरच्या कॉफिन्स या कोपऱ्याला, एक सीटीच्या, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या, वाटेवर. मग फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड), मग एकत्र आत.

फ्लॅश फुटला आणि पुढचा निघाला. सँडबॅग्जमागे त्यांचा एक जण होता. गोळ्यांची एक लहानशी सर आली आणि आमचा माणूस पडला. दुसरा लॉग्जपाशी होता. तो वर पोचेपर्यंत मारणारा मागे सरकून गेला होता. मी आणि हा दुसरा, दोघेच बनानात, समोर त्यांचे आणखी दोन धावत आलेले. मिडवाल्यांना वळवलं, पण घड्याळ संपत आलं होतं. बॉम्ब प्लांटच झाला नाही. ११-१३.

मॅच संपल्यावर व्हॉइसवर मी त्या पुढे गेलेल्याला म्हणाले, "तू एकटा गेलास." पुढेही बरंच बोलले. दुसरा स्मोक उमललाही नव्हता, नेहमी असंच करतोस, बाकीचे चार काय बघायला आहेत का. सगळे ऐकत होते. त्याने मधे तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "मी एकटा गेलो नाही. तुम्ही मागे आला नाहीत." आणि चॅनल सोडून गेला. टीममध्ये परत आला नाही.

आमच्यातल्या एकाने स्क्रीन रेकॉर्ड केली होती, आवाजासकट. मी ती नंतर पुनःपुन्हा पाहिली. फ्लॅशच्या आधी त्याचा आवाज ऐकू येतो: "येतोय ना कोणी?" त्यावर कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. त्याच्या मागचा माणूस त्या वेळी भिंतीकडे तोंड करून दुसऱ्या स्मोकसाठी उभा आहे. म्हणजे ज्याने ट्रेड करायचा, त्याच्याच हातात बंदुकीऐवजी ग्रेनेड होता. आणि मी? मी मिडवाल्यांशी बोलत होते.

मग चूक कोणाची? तिघांत दोन स्मोक आणि एक फ्लॅश वाटायचे, तर कोणाच्या तरी हातात ग्रेनेड असणारच. माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की त्याने स्मोकसाठी थांबायला हवं होतं. पण त्याचीही बाजू आहे. टपून बसलेल्यापेक्षा कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला समोरचा माणूस नेटवर्कच्या विलंबामुळे क्षणभर आधी दिसतो. फ्लॅशचा परिणाम काही क्षणांचा असतो. थांबला असता तर समोरच्याचे डोळे निवळले असते. त्याच्या जागी मी असते तर थांबले असते? बहुधा हो. पण मी त्याच्याइतकी चांगली खेळत नव्हते, हेही तितकंच खरं. तो एंट्री होता. पहिल्याने आत जायचं, प्रसंगी मरायचं, हेच त्याचं काम. ते काम करताना मेलेल्या माणसाला मी 'एकटा गेलास' म्हणाले.

म्हणून 'एकटे जाऊ नका' हे वाक्य मी आता कोणाला सांगत नाही. त्यात सगळा बोजा पुढच्यावर पडतो. नवशिक्याला मी म्हणते, काही आठवडे दुसरे व्हा. पुढच्याच्या मागे, पण एकाच ओळीत नको, नाहीतर एकच स्प्रे (सलग गोळ्यांची सर) दोघांना घेऊन जाईल. तो पडला तर त्याला मारणारा तुम्हाला लगेच दिसला पाहिजे, एवढं अंतर. हातात बंदूक, ग्रेनेड नाही. आणि त्याने "येतोय ना" विचारलं की उत्तर द्या. 'थांब' हेही उत्तरच आहे.

यावर हटकून येणारा प्रतिवाद: सोलो क्यूमध्ये, म्हणजे एकट्याने मॅच शोधली की, टीममध्ये अनोळखी चार जण, कोणी ऐकतच नाही. मान्य. पण मागे कोणी यावं म्हणून त्याने ऐकावं लागतं, त्याच्या मागे जायला मात्र तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

बोलण्याचंही तेच. कुठे, किती जण, किती डॅमेज दिला, एवढं सांगून गप्प. मेल्यावर तर विशेषच. मागे एकटा उरलेला माणूस पावलांचा आवाज ऐकायची धडपड करत असतो आणि त्याच्या कानात तुम्ही त्याची चूक समजावत असता.

खेळातल्या पैशांचंही एक राहिलं, थोडक्यात सांगते. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके २७०० ला येते, एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल ४७५० ला. चौघे पैसे वाचवत असताना पाचव्याने एकट्याने महागडी बंदूक घेतली तर हा राउंड बहुधा जातोच, आणि पुढच्या राउंडला पाचपैकी चौघांच्याच हातात रायफल असते. विकत घ्यायच्या आधी बाकीच्यांचे पैसे बघा, ते स्क्रीनवरच असतात.

काही जण मला आपल्या क्लिप्स पाठवतात. चार किल्स, पाच किल्स, वर गाणं. छान असतात, पण त्यावरून मला काहीच सांगता येत नाही. हरलेल्या मॅचचा पूर्ण डेमो (खेळाने साठवलेलं रेकॉर्डिंग) पाठवा आणि त्यात तुम्ही सगळ्यात आधी पडलात ते राउंड कळवा. तुमच्या मागे कोण होतं आणि तो काय करत होता, ते मी आधी बघेन.