तुम्ही विचारलंत म्हणून: हो, हा गालिचा मुलांनी विणलेला असू शकतो

गणपतीत घरी आलेली मंडळी गालिच्यावर मांडी घालून बसतात, मोदक खातात, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, "अगं, हे असले गालिचे लहान मुलांकडून विणून घेतात ना? घरात ठेवतेस तरी कसा?" हॅम्बर्गमध्ये इराणी गालिचे दुरुस्त करण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे विचारणाऱ्याच्या आवाजाला जरा जास्तच धार असते. दरवर्षी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. यंदा लिहूनच टाकते.

माझा गालिचा इराणमधल्या केरमानचा, दोन बाय तीन मीटरचा. चौरस सेंटिमीटरला तीसेक गाठी धरल्या तर सगळ्या मिळून अठरा लाख होतात. हात बसलेली बाई दिवसाला आठ-दहा हजार गाठी मारते. दोघी-तिघी शेजारी बसल्या तरी काही महिने जातात. मागची बाजू उलटून पाहिली की डावीकडच्या ओळी सैल आणि उजवीकडच्या घट्ट ठोकलेल्या दिसतात. म्हणजे दोन वेगळे हात. सैल हात लहानाचा असेल असं मी पूर्वी पाहुण्यांना रंगवून सांगायचे. आता सांगत नाही. तो म्हाताऱ्या माणसाचाही असेल, आजाऱ्याचाही असेल.

काही ठिकाणी दोन ताण्यांऐवजी, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांऐवजी, चार ताण्यांवर एकच गाठ आहे. धंद्यात याला जुफ्ती म्हणतात. वेळ आणि लोकर वाचते, गालिचा मात्र लवकर झिजतो. यातही मला कुणा पोराचं बंड दिसायचं. बंड कसलं! अशी गाठ बहुतेक वेळा ठेकेदाराच्याच फायद्याची असते.

गालिचा साधारण 1920 च्या आसपासचा. डिसेंबर 1923 मध्ये केरमानच्या गव्हर्नरनं हुकूम काढला: दिवसाला आठच तास काम, शुक्रवारी सुट्टी, ओलसर तळघरात माग नको, आठ वर्षांखालचा मुलगा आणि दहाखालची मुलगी कामाला नको. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं पाठपुरावा केला म्हणून हे झालं. माझा गालिचा या हुकमाच्या आधीचा की नंतरचा, हे कळायला मार्ग नाही. लोकर पाहून, रंग पाहून दहा-पंधरा वर्षांचा अंदाज बांधता येतो, तारीख नाही. आणि नंतरचा निघाला तरी काय? आठ वर्षांचा मुलगा तर हुकमातही बसतच होता.

आता एका बाईंबद्दल. ऐंशीच्या घरातल्या, केरमानजवळच्या एका खेड्यातल्या. मुलाकडे इथं येऊन राहिलेल्या. झालर उसवली म्हणून स्वतःचा गालिचा घेऊन आमच्या वर्कशॉपमध्ये आल्या. चालताना एका बाजूला झुकत होत्या. मी दुसऱ्याच एका गालिच्यावर भरणी करत होते, म्हणजे झिजल्या जागी नव्या गाठी मारत होते. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि मला सरळ स्टुलावरून उठवलं. संधिवातानं वाकडी झालेली बोटं, पण दोऱ्याचं टोक ताण्यामागून आलं कधी, ओढलं कधी, सुरीनं कापलं कधी, मला दिसलंच नाही. पाच-सहा गाठी झाल्या, मग बोट आखडलं तशा थांबल्या.

"किती वर्षांच्या होता तुम्ही, शिकलात तेव्हा?" मी विचारलं. त्यांनी हात टेबलाच्या कडेशी धरून उंची दाखवली. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. मराठीत निघालं, पण सूर कळायला भाषा लागत नाही. बाई भडकल्या. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या, कीव कशाला करतेस? नक्शा, म्हणजे गालिच्याचा आराखडा, वाचणारा रंग गाऊन सांगायचा, आम्ही बहिणी गात उत्तर द्यायचो. घरातली भाकरी माझ्या बोटांची होती. मग जरा थांबून म्हणाल्या, त्याची छडीही आठवते. मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. "कंबर उघडलीच नाही." वाढत्या वयात तासन् तास फळीवर पाय मुडपून बसलं की ओटीपोटाची हाडं वेडीवाकडी होऊ शकतात. केरमानच्या मिशन इस्पितळातले डॉक्टर हे फार पूर्वीपासून लिहीत आले होते. मी ते वाचलेलं होतं. समोर बसलेल्या बाईच्या तोंडून ऐकल्यावर मला काय बोलावं सुचेना.

त्यांना मात्र सुचलं. झालरीचे किती घेणार, विचारलं, आणि आमच्या मालकांशी असा भाव केला की ते शेवटी हात जोडून मोकळे झाले. गालिचा नातीला द्यायचा होता. भाकरीचं आणि छडीचं, त्यांची दोन्ही बोलणी खरी होती, आणि मी त्यातलं एकच उचलून तुम्हाला ऐकवलं तर ती लबाडी होईल.

तुमच्यातले काही म्हणतात, बारीक गाठीला बारीकच बोटं लागतात, इलाज नाही. हे साफ खोटं आहे. भारतातल्या गालिचा उद्योगाचा नव्वदच्या दशकात अभ्यास झाला, तेव्हाही हेच दिसलं की उत्तम बारीक काम मोठी माणसंही करतात. मुलं लागतात ती स्वस्त पडतात म्हणून. काही म्हणतात, बालमजुरी नसल्याचं लेबल पाहून घ्यावा. 1994 ला सुरू झालेलं रगमार्क हे तसलं लेबल भारत, नेपाळ, पाकिस्तानसाठी होतं, इराणसाठी नव्हे. इराणच्या कायद्यात कामाचं वय पंधरा आहे, पण घरातल्या कुटुंबाच्या मागाला तो लागू नाही. आणि माग असतो बहुतेक घरातच. उरला बहिष्कार. अमेरिकेनं इराणी गालिच्यांना 2010 ला दार बंद केलं, 2016 ला उघडलं, 2018 ला पुन्हा लावलं. त्यानं एखादी पोर मागावरून उठून शाळेत गेल्याचं मला तरी कुणी दाखवलेलं नाही.

मी सिन्नरची. माझी आजी विड्या वळायची. आई शाळेतून आली की सुपापाशी बसून पानं कापायची, दोरा बांधायची. त्या पैशांवर मामा शिकला. आमच्या ओसरीवर बसून कुणी आजीला विचारलं नाही की पोरीला का बसवलंस. हे मी एकदा पाहुण्यांना तावातावानं ऐकवलं, सगळे गप्प झाले, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. रात्री भांडी घासताना वाटलं, यानं सिद्ध काय झालं? आईचा खोकला गालिच्याच्या बाजूनं साक्ष द्यायला आणला मी.

नवा गालिचा मी घेत नाही. जुने दुरुस्त करते, आणि त्याचा पगार घेते. जुन्याला भाव आला की नव्याचाही बाजार चालतो, हे मालकांना कळतं तसं मलाही कळतं. विकून टाक म्हणता? विकला तर दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जाईल, पैसे माझ्याकडे येतील. संग्रहालयांना केरमानचे असले गालिचे नको असतात, त्यांच्याकडे आहेत. परवा लेकीनं विचारलं, आई, तुझ्यानंतर हा मला का? बघू म्हटलं. तिनं लगेच फोनवर किंमत शोधली. मला माहीत होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली.