लॉनला बारा महिने एकच टाइमटेबल कशाला?

लॉनबद्दल मला कायम विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पाणी रोज किती वेळ द्यायचं?" आणि मी उलट विचारते की आत्ता गवत वाढतंय का, तर लोक जरा वैतागतातच. पण खरंच सगळं त्याच्यावर आहे हो. गवत वाढीला लागलेलं असतं तेव्हा त्याला पाणी, खत, कापणी सगळं पचतं, आणि ते थंडावलेलं असताना आपण जी काय सेवा करतो तिचा फायदा बहुतेक वेळा तणच घेऊन जातं.

ढोबळ दोन प्रकार लक्षात ठेवा. हरळी, झॉयसिया ही उष्ण हवेतली गवतं, साधारण २७ ते ३५ डिग्रीला जोमात असतात. फेस्क्यू, रायग्रास ही थंड हवेतली, त्यांना १५ ते २४ डिग्री मानवतं. म्हणजे पहिली थंडीत पिवळी पडणार आणि दुसरी कडक उन्हात, आणि दोन्ही वेळा बहुतेक करून रोग वगैरे काही नसतो, वरचं पातं वाळतं पण जमिनीलगतचा कोंब जिवंत असतो, हवा बदलली की परत फुटतो. आपल्याकडे कुठलं गवत आहे एवढं जरी माहीत असलं तरी निम्मी औषधं आणायची गरज पडत नाही.

उन्हाळ्यात बघा, संध्याकाळी दमून आल्यावर पाईप हातात घेऊन दहा मिनिटं फवारा मारायचा, मातीचा मस्त वास येतो, आपल्यालाच गार वाटतं, आणि भिजतो तो फक्त वरचा इंचभर थर. पाणी वरच मिळतंय म्हटल्यावर मुळं खाली कशाला जातील? मग चार दिवस कुठे बाहेर गेलात की लॉन करपलं. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा द्या पण खोलवर मुरेल असं द्या. आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पुरतं, म्हणजे एका चौरस मीटरला २५ लिटर, रेताड जमीन असेल तर तेवढंच पाणी तीनदा विभागून. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर ठिकठिकाणी सारखे रिकामे डबे ठेवा आणि अर्ध्या तासाने पट्टीने मोजा, एका कोपऱ्यात पूर आणि दुसऱ्यात दुष्काळ चाललाय हे तेव्हा कळतं 😄 आणि शक्यतो पहाटेच द्या, कारण रात्री दिलं की पातं सकाळपर्यंत ओलं राहतं आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. गवताला तहान लागलीये का हे बघायला त्याच्यावरून चालत जा, मागे पावलांचे ठसे तसेच दबलेले राहिले आणि रंग निळसर करडा दिसायला लागला की पाणी द्या.

आता कापणी. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा एकच नियम मी अगदी कडक पाळते. गवत बुडातून वाढतं म्हणून कापलेलं सोसतं, पण अन्न तयार होतं ते पात्यातच ना, ते सगळंच उडवलं तर खाणार काय? "एकदाच बारीक करून टाकू, पंधरा दिवस बघायला नको" वाल्यांचं लॉन मला लांबून ओळखू येतं. उलट उन्हाळ्यात मशीन जरा उंच ठेवा, मातीवर सावली राहते आणि ओल टिकते. ब्लेडला धार नसेल तर पातं कापलं न जाता फाटतं आणि दोन दिवसांत टोकं पांढुरकी दिसतात. बारीक कातरण तिथेच पडू द्या, गवताला लागणाऱ्या नायट्रोजनपैकी जवळजवळ पाव हिस्सा त्यातूनच परत मिळतो.

पावसाळ्यात पाण्याची कटकट संपते पण बाकीच्या सुरू. गवत भराभर वाढतं, आणि ओलं असताना कापलं तर गुठळ्या पडतात, चाकांनी माती दबते, म्हणून उघडीप मिळाली की लगेच कापून घ्यायचं. सतत पाऊस झाला की लॉन पिवळट होतं आणि लोक मूठभर युरिया फेकतात. नायट्रोजन पावसाने धुपून जातो हे खरंय, पण कित्येकदा पाणी साचून मुळं गुदमरलेली असतात, तिथे युरिया काय करणार? आधी निचरा बघा. वाढ जोरात असताना टोकदार किंवा पोकळ दात्याने भोकं पाडून वरून चाळलेली वाळू आणि कंपोस्टचा अर्धा सेंटिमीटर थर दिला की दबलेली जमीन मोकळी होते. याच दिवसांत लव्हाळा हे गवतासारखं दिसणारं तण पण येतं, त्याचा दांडा बोटात फिरवला तर तीन कडा लागतात. लव्हाळा नुसता उपटला तर खालच्या गाठी राहतात आणि परत फुटतात, म्हणून कोवळा असतानाच खुरप्याने गाठीसकट काढा, परत आला की परत काढा, त्याला दुसरा शॉर्टकट मला तरी सापडला नाहीये. आणि पाणी असूनही एखादा पट्टा वाळत चालला असेल तर तिथलं गवत ओढून बघा, चटईसारखं अलगद वर आलं तर खाली हुमणी, म्हणजे मातीतली पांढरी अळी, मुळं खातेय.

थंडीत उष्ण हवेतल्या गवताला खत देऊ नका, पाणी कमी करा, दव गोठलेलं असेल तर त्याच्यावरून चालू नका. बास. कोणी हिरवा रंग मारायचा सल्ला दिला तर हसून सोडून द्या.

राहता राहिलं झाडाखालचं टक्कल. तिथे दरवर्षी नवीन गवत लावणारे लोक मी बघते, पण हरळीला निदान सहा तास थेट ऊन लागतं आणि वर झाडाची मुळं पाणी पळवतात ते वेगळंच. तिथे सावलीत येणारी झाडं लावा नाहीतर चार फरश्या टाकून खुर्ची मांडा.