तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात भारी बचाव कुणाचा?

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बघतो म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. हेल्मेट घालून चाललेल्या आपटाआपटीत बघायचं काय, हा पहिला. त्याच्या नादी मी लागत नाही. दुसरा, आजवरचा सगळ्यात भारी बचाव कुणाचा? माझं उत्तर: २०११ चा अलाबामा विद्यापीठाचा संघ.

जुने जाणकार लगेच १९३९ चं टेनेसी काढतात. प्रशिक्षक रॉबर्ट नीलंडच्या त्या संघाने नियमित मोसमातल्या १० सामन्यांत एकही गुण दिला नाही. पराक्रम मोठाच. पण तेव्हा हाताने फेकायचे पास बेताचेच, आणि कित्येकदा संघ आपणहूनच पंट मारून, म्हणजे लाथेने लांब उडवून, चेंडू समोरच्यांना देऊन टाकत. शिवाय रोझ बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांना १४-० हरवलं, ते वेगळंच.

अलाबामाने सामन्याला सरासरी ८ च्या आसपास गुण दिले. गुण, समोरच्यांनी पुढे सरकून कमावलेले एकूण यार्ड, त्यातले धावून यार्ड, पासचे यार्ड, चारही बाबतींत देशात सगळ्यात कमी! मुख्य प्रशिक्षक निक सेबन, बचाव कर्बी स्मार्टकडे. माझा लाडका मात्र नोज टॅकल, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध उभा राहणारा, जॉश चॅपमन. समोरचे दोन-दोन दांडगे अंगावर घ्यायचे आणि जागा सोडायची नाही, म्हणजे मागचा डोन्टा हायटावर मोकळा सुटतो. कबड्डीत पकड एकाच्या नावावर लागते, पण वाट अडवून दुसराच उभा असतो, तसं. आणि हे सगळं गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना.

लुइझियाना स्टेट विद्यापीठाने (एलएसयू) नोव्हेंबरमध्ये त्यांना त्यांच्याच मैदानावर ९-६ हरवलं होतं, ओव्हरटाइममध्ये. ९ जानेवारी २०१२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये विजेतेपदासाठी पुन्हा तीच गाठ. एलएसयू तोवर तेराच्या तेरा सामने जिंकून अजिंक्य. निकाल अलाबामा २१, एलएसयू ०. एलएसयूचे अख्ख्या सामन्यात ९२ यार्ड. मध्यरेषा त्यांनी एकदाच ओलांडली, तीही चौथ्या क्वार्टरमध्ये, आणि तिथे हायटावरने त्यांची चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅक जॉर्डन जेफरसनला आडवं करून चेंडूच सोडवला. कंटाळवाणा सामना म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे.

तरुण मंडळी २०२१ चा जॉर्जिया पुढे करतात. तोही स्मार्टचाच, त्यातले पाच बचावपटू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू-निवडीच्या, पहिल्याच फेरीत गेले. पण एसईसी या त्यांच्या गटाच्या अंतिम सामन्यात त्यांच्यावर ४१ गुण चढले. हरायला २०११ चा अलाबामाही एकदा हरलाच होता, पण एकही टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे सहा गुण, न देता.